नवरा बेड्यांत, कडेवर तान्हं पोर अन् उशीत बायबल. ब्रह्मदेशात संसार मांडणाऱ्या ॲन जडसनची गोष्ट

अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन, ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड ना. वा. टिळक ही नावं महाराष्ट्रात अनेकांनी ऐकलेली असतात. या मिशनची सुरुवात झाली १८१३ साली मुंबईत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन तरुण पाद्री अमेरिकेतून इथं येऊन उतरले आणि कामाला लागले.

पण त्यांच्याच तुकडीतलं एक जोडपं मुंबईला आलंच नाही. ते जाऊन पोहोचलं ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये. नवऱ्याचं नाव ॲडोनिराम जडसन. त्यानं ब्रह्मी भाषेत केलेलं बायबल तिथल्या चर्चमध्ये आजही वाचलं जातं. बायकोचं नाव ॲन. ती नसती, तर ते भाषांतर बहुधा वाचलं नसतं आणि कदाचित नवराही.

तर गोष्ट सुरू होते एका पत्रापासून.

ॲन हॅसेल्टाइनचा जन्म २२ डिसेंबर १७८९ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावचा. गावातल्याच ॲकॅडमीत शिकली आणि पुढे शिक्षिका झाली. १८१० मध्ये तिची ओळख ॲडोनिरामशी झाली. परदेशात जाऊन धर्मप्रसार करायचा, हे त्याचं तोवर ठरलेलं होतं. त्यानं ॲनच्या वडिलांना पत्र लिहून तिचा हात मागितला, पण गोडगोड काही लिहिलं नाही. पोरगी समुद्रापार जाईल, पुन्हा दिसणार नाही, तिकडची हवा, हाल, कदाचित अपमान आणि मरणही तिच्या वाट्याला येईल, हे चालणार आहे का, असं सरळ विचारलं.

वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला आणि तिनं होकार दिला.

५ फेब्रुवारी १८१२ ला लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. जडसन, हॉल, नॉट, सॅम्युअल न्यूवेल आणि ल्यूथर राइस. अमेरिकन मिशन बोर्डानं परदेशी पाठवलेली ही पहिलीच तुकडी. १९ फेब्रुवारीला जडसन आणि न्यूवेल ही दोन जोडपी ‘कॅरॅव्हॅन’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याला निघाली. हॉल, नॉट आणि राइस दुसऱ्या जहाजानं गेले.

जूनमध्ये कलकत्ता आलं, पण तोवर एक नवाच घोळ झाला होता.

जडसन ज्या चर्चचा होता तिथं लहान बाळांचा बाप्तिस्मा व्हायचा. बॅप्टिस्ट लोकांचं म्हणणं होतं की, माणसानं मोठेपणी स्वतः विश्वास ठेवला की मगच त्याचा बाप्तिस्मा व्हावा, तोही पाण्यात पूर्ण बुडवून. श्रीरामपूरला विल्यम केरीसारखे बॅप्टिस्ट मिशनरी भेटणार, त्यांच्याशी वाद घालावा लागणार, म्हणून जडसननं प्रवासात या विषयाचा अभ्यास केला. आणि झालं उलटंच. त्याला बॅप्टिस्टांचंच पटायला लागलं.

ॲन चिडली. तू बॅप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही, असं तिनं बजावलं. कारण नवं मत स्वीकारणं म्हणजे ज्या बोर्डानं पाठवलं त्याचा पगार सोडणं, मित्रांपासून तुटणं. पण तिनं स्वतः अभ्यास केला आणि तिलाही तेच पटलं. सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यात दोघांचा बाप्तिस्मा झाला. घरापासून हजारो मैल दूर आल्यावर हक्काचं चर्चही गेलं. पुढे ल्यूथर राइसही बॅप्टिस्ट झाला आणि पैसे उभे करायला अमेरिकेला परतला.

त्यात ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्मावरून लोक बिथरतील आणि धंद्याला फटका बसेल, अशी कंपनीला भीती. शिवाय त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेत युद्ध पेटलेलं. निघून जा, असा हुकूम आला. हॉल आणि नॉट निसटून मुंबईला गेले. जडसन जोडपं मॉरिशसला पोहोचलं, तेव्हा ॲनची मैत्रीण हॅरिएट न्यूवेल तिथं वारली होती. वय फक्त १९. तिचं नुकतं जन्मलेलं बाळ तिच्याआधी गेलं होतं.

मॉरिशसहून मद्रास. तिथंही कंपनी परत पाठवेल ही धास्ती होती, म्हणून मिळालं त्या जहाजात दोघं चढले. ते जहाज रंगूनचं होतं. वाटेत जहाजावरच ॲनला मृत मूल झालं. १३ जुलै १८१३ ला रंगून आलं, तेव्हा तिला धड चालताही येत नव्हतं.

केरीच्या मुलानं, फेलिक्सनं, तटाबाहेर बांधलेल्या घरात दोघं राहायला लागले. सप्टेंबरमध्ये त्यांनी पहिल्यांदा प्रभुभोजनाचा विधी केला. हजर किती, तर दोघंच. नवरा आणि बायको हेच चर्च.

ब्रह्मी भाषा शिकायला ना नीट व्याकरणाचं पुस्तक होतं, ना शिक्षकाला इंग्रजी येत होतं. ॲडोनिराम दिवसभर पंडितासोबत बसून ग्रंथांची भाषा शिकायचा. ॲनच्या वाट्याला घर आलं. नोकरांना काम सांगायचं, बाजारहाट करायचा, शेजारणींशी बोलायचं. त्यामुळे व्हायचं असं की बोलण्यात तीच नवऱ्याच्या पुढे गेली. पुढे तिनं रंगूनमधल्या सयामी लोकांकडून त्यांचीही भाषा शिकून मॅथ्यूचं शुभवर्तमान सयामीत नेलं.

सप्टेंबर १८१५ मध्ये मुलगा झाला, रॉजर. आठ महिन्यांचा होऊन तापानं गेला. आंब्याच्या झाडांमध्ये त्याला पुरलं. ही बातमी ऐकून रंगूनच्या सुभेदाराची बायको दोनेकशे माणसांचा लवाजमा घेऊन भेटायला आली. आम्हाला अंत्यविधीला का कळवलं नाही, म्हणून तिनं विचारलं आणि नंतर दोघांना हत्तीवरून फिरायला नेलं. परक्या गावात कुणीतरी हक्कानं रागावलं होतं.

धर्मप्रसाराचं काय? तर सहा वर्षं एकही माणूस आला नाही.

१८१९ मध्ये जडसननं रस्त्याकडेला ‘झयात’ बांधला. झयात म्हणजे आपल्याकडच्या धर्मशाळेसारखी मोकळी ओसरी. ब्रह्मदेशात वाटसरू तिथं टेकायचे, भिक्षूंचं प्रवचन ऐकायचे. अमेरिकन चर्चसारखी इमारत बांधण्याऐवजी जडसननं लोकांच्या ओळखीची जागा निवडली. ॲन बायकांसाठी वेगळी बैठक घ्यायची. त्याच वर्षी २७ जूनला मौंग नाऊ नावाच्या माणसानं जवळच्या तळ्यात बाप्तिस्मा घेतला. हा पहिला. १८२२ पर्यंत आकडा १८ वर गेला होता. राजाचा धर्म सोडणं धोक्याचं होतं, त्यामुळे हे १८ जणही जीव मुठीत धरूनच आले होते.

मधल्या काळात ॲनची तब्येत ढासळली. १८२१ मध्ये उपचारांसाठी ती एकटी निघाली आणि इंग्लंडमार्गे अमेरिकेला पोहोचली. तिथं तिनं ब्रह्मदेशातल्या मिशनचा वृत्तान्त पुस्तकरूपात छापला आणि तिचं नाव घरोघरी पोहोचलं. ती तिथंच राहिली असती तर कुणी दोष दिला नसता.

पण १८२३ च्या शेवटी ती रंगूनला परतली आणि दोघं राजधानी आवाला गेले. लोकमान्य टिळकांमुळे आपल्याला मंडाले माहीत आहे, त्याच्याच जवळचं हे गाव. काही महिन्यांतच, १८२४ मध्ये, इंग्रज आणि ब्रह्मदेशाचं पहिलं युद्ध सुरू झालं.

जडसन अमेरिकन होता, पण इंग्रजी बोलणारा प्रत्येक गोरा आता संशयित होता. त्यात त्याचे अमेरिकेतून येणारे पैसे एका इंग्रज व्यापाऱ्याच्या खात्यातून यायचे. दरबारानं अर्थ काढला की हा हेरगिरीचा पगार. ८ जून १८२४ ला शिपाई आले, जमिनीवर पाडून दोरीनं बांधलं आणि घेऊन गेले. पायात बेड्या पडल्या. रात्री कैद्यांच्या पायांमधून बांबू घालून तो वर ओढायचे, म्हणजे पाय वर आणि खांदे जमिनीवर.

ॲन तेव्हा गरोदर होती. कैद्यांना तुरुंग जेवण देत नव्हता. रोज डबा न्यायचा, पहारेकऱ्यांचे हात ओले करायचे, मग गव्हर्नरच्या दारात जाऊन बसायचं, असा तिचा दिनक्रम झाला. गव्हर्नरच्या बायकोनं दिलेला ब्रह्मी पोशाख ती घालायला लागली. एकदा नवऱ्याला घरची आठवण म्हणून तिनं म्हशीचं मांस आणि केळी वापरून अमेरिकेत सणाला करतात तसा पाय बनवून पाठवला. तो पाहून त्याला इतकं भरून आलं की त्याला घासच उतरला नाही.

घरझडतीच्या वेळी तिनं चांदी आणि नव्या कराराच्या भाषांतराची हस्तलिखितं जमिनीत पुरली. पण पावसाळ्यात कागद कुजणार. म्हणून तिनं ते एका उशीत शिवले. उशी मुद्दाम इतकी कडक आणि ओबडधोबड ठेवली की कुणाला चोरावीशी वाटू नये. १० वर्षांची मेहनत नवऱ्याच्या डोक्याखाली तुरुंगात राहिली.

जानेवारी १८२५ मध्ये मुलगी झाली, मारिया. मे महिन्यात कैद्यांना अचानक औंगबिनले गावाला हलवलं, अनवाणी, रणरणत्या उन्हात. गडबडीत एका पहारेकऱ्यानं उशीचं आवरण काढून आतला भाग फेकून दिला. जडसनच्या मंडळीतल्या मौंग इंगला तो सापडला आणि आठवण म्हणून त्यानं घरी ठेवला. आत काय आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं.

ॲन तीन महिन्यांचं बाळ, सांभाळायला घेतलेल्या दोन ब्रह्मी मुली आणि बंगाली स्वयंपाकी यांना घेऊन मागोमाग गेली. तिथं एका मुलीला देवी आल्या. ॲननं दुसऱ्या मुलीला आणि गावातल्या पोरांनाही देवी टोचल्या. मग ती स्वतः अंथरुणाला खिळली आणि अंगावरचं दूध आटलं.

तेव्हा काय झालं, हे या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं आहे. जडसन पहारेकऱ्यांना पैसे देऊन संध्याकाळी बेड्यांसकट बाहेर पडायचा आणि बाळाला घेऊन घरोघरी जायचा. गावातल्या ओल्या बाळंतिणी मारियाला पाजायच्या. बंगाली स्वयंपाकी स्वतःच्या जातीचे नियम बाजूला ठेवून लाकूड-पाणी आणायचा, सगळ्यांना खाऊ घालून मग जेवायचा. पगार मिळेल की नाही, हेही त्यानं विचारलं नाही. ज्या लोकांना तारायला म्हणून हे जोडपं आलं होतं, त्यांनीच त्यांचं पोर जगवलं. त्या काळच्या मिशनऱ्यांप्रमाणे ॲनलाही ब्रह्मी लोकांचा धर्म खोटाच वाटत होता. पण तिच्या घराचे खांब तेच लोक होते.

फेब्रुवारी १८२६ मध्ये यांदाबोचा तह झाला आणि युद्ध संपलं. मायदेशी न जाता दोघं इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या ॲम्हर्स्ट या नव्या गावी गेले. आज त्याला चाइक्कमी म्हणतात. जडसनला दुभाषा म्हणून पुन्हा आवाला जावं लागलं. मागे ॲननं बांबूचं घर आणि शाळा उभी केली. पण शरीर खंगलं होतं. ताप आला आणि २४ ऑक्टोबर १८२६ ला ती गेली. वय ३६. नवरा जवळ नव्हता. होपियाच्या झाडाखाली तिला पुरलं. सहा महिन्यांनी मारियाही तिच्या शेजारी गेली.

जडसन पार कोलमडला. जंगलात झोपडी बांधून, शेजारी स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठावर बसून राहायचा. त्यातून सावरायला त्याला काही वर्षं लागली. पुढे त्याची आणखी दोन लग्नं झाली. १८३४ मध्ये संपूर्ण बायबलचं भाषांतर पूर्ण झालं, १८४९ मध्ये इंग्रजी-ब्रह्मी शब्दकोश आला. १८५० मध्ये बंगालच्या उपसागरात जहाजावर त्याचा मृत्यू झाला आणि त्याला समुद्रातच सोडण्यात आलं.

आज म्यानमारमध्ये सुमारे ६ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. त्यात बरेचसे कारेन, काचिन, चिन अशा डोंगरी समाजांतले आहेत. त्यांच्यात काम करणारे पुढचे अनेक मिशनरी जडसनच्याच वाटेनं आले.

आणि ती उशी? मौंग इंगनं जपून ठेवलेल्या त्या गाठोड्यातले कागद युद्धानंतर शाबूत सापडले. १८३२ मध्ये ब्रह्मी नवा करार छापून झाला. तेव्हा ॲनला जाऊन सहा वर्षं झाली होती.