कवटीचे गणित उलगडणारे रुडॉल्फ फिरखो

तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, कारण जन्माच्या वेळी कवटीची हाडे एकमेकांना पक्की जुळलेली नसतात. त्यांच्यामधील शिवणी मोकळ्या असतात, म्हणूनच झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते. एखादी शिवण अकाली मिटली, तर डोक्याचा आकार का बिघडतो, याचा पहिला सूत्रबद्ध नियम जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी मांडला.

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनिया प्रांतातील शिव्हेलबाइन या गावी झाला. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. १८४३ मध्ये बर्लिन येथे वैद्यकीय पदवी संपादन करून ते शॅरिटे रुग्णालयात दाखल झाले. १८४८ मध्ये सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करताना, दारिद्र्य, अज्ञान आणि सरकारी अनास्था हीच रोगाची मुळे असल्याचा निष्कर्ष त्यांनी निर्भीडपणे नोंदवला. त्याच वर्षी ते क्रांतीतही सामील झाले. परिणामी सरकारची खप्पामर्जी ओढवली आणि १८४९ मध्ये त्यांनी व्ह्युर्त्सबुर्ग विद्यापीठाची वाट धरली.

बर्लिनपासून दूर गेलेल्या या काळातच त्यांचे कवट्यांवरील संशोधन बहरले. शिवणी अकाली मिटल्याने डोके विकृत होते, हे सोमरिंग यांनी १७९१ मध्येच नोंदवले होते. १८५१ मध्ये फिरखो यांनी त्याला नियमाचे रूप दिले. मिटलेल्या शिवणीच्या काटकोनातील वाढ खुंटते आणि तिला समांतर दिशेने कवटी अधिक वाढते, असे ते सूत्र होते. डोक्याच्या मध्यावरून पुढून मागे जाणारी शिवण मिटली की डोके लांबट, नावेसारखे होते. कपाळावरची मिटली की कपाळ त्रिकोणी होते. आज या विकारास क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. कवटीच्या तळाचाही यात वाटा असतो, हे पुढील संशोधनातून दिसले, तरी फिरखो यांचे सूत्र आजही शिकवले जाते.

१८५६ मध्ये ते सन्मानाने बर्लिनला परतले आणि १८५८ मध्ये पेशी हाच रोगाचा पाया मानणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मात्र विकृती शोधणाऱ्या या नजरेने एकदा त्यांना चकवलेही. १८७२ मध्ये निअँडरथल मानवाच्या प्राचीन अवशेषांत त्यांना रोगाचीच चिन्हे दिसली. तो वेगळा मानव आहे, हे त्यांनी मानले नाही.

कवटी आणि वर्ण यांवरून माणसाची प्रतवारी करण्याच्या त्या काळात, फिरखो यांनी सुमारे ६७ लाख जर्मन शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा व त्वचेचा रंग नोंदवून घेतला. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत निळे डोळे, सोनेरी केस व गोरी त्वचा असलेली मुले एक तृतीयांशाहूनही कमी आढळली. शुद्ध वंशाच्या कल्पनेला हा मोठा तडाखा होता.

जानेवारी १९०२ मध्ये ट्रामगाडीतून उतरताना त्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. तोवर मिटलेल्या शिवणी शस्त्रक्रियेने मोकळ्या करण्याचे पहिले प्रयत्न झाले होते. पुढे फ्रेंच शल्यविशारद पॉल टेसिए यांनी चेहरा व कवटीच्या शस्त्रक्रियेचे शास्त्र उभारले आणि १९९० च्या दशकात क्रूझाँ व एपर्ट या विकारांमागील जनुकीय दोषही सापडला. वाकडे डोके हा शाप नसून वाढीतील बिघाड आहे, ही दृष्टी मात्र फिरखो यांनी दिली. अशा बाळांच्या आईवडिलांसाठी त्यांचे हे ऋण मोठे आहे.