परदेशी स्वधर्म

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेला पुत्र दहाच दिवसांत निवर्तला. त्या दुःखातून वैद्यकविद्येचा संकल्प दृढ झाला. एप्रिल १८८३ मध्ये, पती बरोबर नसताना, त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा निश्चय त्यांनी तत्पूर्वी श्रीरामपूरच्या सभेत प्रकट केला होता.

न्यू जर्सीतील रोसेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे जवळ केले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात अध्ययन सुरू झाले. थंडी कडक, नऊवारीने पाय उघडे राहत. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला, पण साडी सोडली नाही. शाकाहारही सोडला नाही. काय बदलावे व काय राखावे, हा विवेक त्या कोवळ्या वयातही ढळला नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम स्वीकारून त्या स्वदेशी परतल्या. परंतु क्षयाने देह पोखरला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली व पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत विसावली. फळ हाती आले नाही. पण स्वधर्म राखून परक्यांनाही आपले करता येते, हे त्या जगून दाखवून गेल्या.