कंपवाताचा अभ्यासक : ज्याँ-मार्तें शार्को

माणूस सहज उभा राहतो, चालतो, वळतो. हा तोल सांभाळण्यासाठी मेंदू, डोळे, कानाचा अंतर्भाग आणि स्नायू यांना अखंड परस्परांशी मेळ साधावा लागतो, याची जाणीव निरोगी माणसाला क्वचितच होते. कंपवाताच्या रुग्णाला मात्र ती पदोपदी होते. हात कापतात, अंग ताठरते, पावले अडखळतात आणि वळताना तोल जातो. आधुनिक वैद्यकात हा विकार पार्किन्सनचा आजार या नावाने ओळखला जातो. हे नाव ज्यांनी रूढ केले, आणि शस्त्र न लावता केवळ बाहेरून दिलेल्या कंपनांनी या रुग्णांना आराम देण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, ते फ्रेंच वैद्य म्हणजे ज्याँ-मार्तें शार्को होत.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बनविणारे कारागीर होते. लहानपणापासून शार्को यांना चित्रकलेची गोडी होती. पुढे ते वैद्यकाकडे वळले आणि १८५३ मध्ये त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. परंतु बारकावे टिपणारी चित्रकाराची नजर त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

१८६२ मध्ये त्यांची पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयात प्रमुख वैद्य म्हणून नेमणूक झाली. एकेकाळी बंदुकीची दारू बनविण्याच्या जागी उभारलेल्या या विस्तीर्ण वास्तूत सुमारे ५,००० स्त्रिया राहत असत. त्यांतील बहुतेक वृद्ध, दरिद्री आणि जुनाट विकारांनी जर्जर झालेल्या होत्या. बरे होण्याची आशा नसलेल्यांचे आश्रयस्थान, एवढीच त्या जागेची ओळख होती. शार्को यांनी मात्र या उपेक्षित स्त्रियांच्या आजारांचा वर्षानुवर्षे चिकाटीने अभ्यास केला. रुग्णाचे चालणे, बसणे, लिहिणे ते तासन्‌तास न्याहाळत, त्याची नोंद ठेवत आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून लक्षणांचे मूळ मज्जासंस्थेत शोधत.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे कंपवाताचे वर्णन केले होते. तथापि अंग थरथरणारे अनेक निरनिराळे आजार त्यानंतरही एकच समजले जात. शार्को यांनी त्यांतील भेद दाखविला. कंपवातात हात विसावलेला असतानाही कापतो. मज्जासंस्थेच्या दुसऱ्या एका विकारात तो काही करू जाताच कापू लागतो. हा फरक विद्यार्थ्यांना दुरूनही दिसावा, म्हणून ते रुग्णांच्या डोक्यावर लांब पिसे लावत. प्रत्येक रुग्णाला कंप सुटतोच असे नाही, तसेच स्नायूंची शक्तीही खरोखर नाहीशी होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. हालचालींचा मंदपणा, पुढे झुकलेले शरीर आणि किंचित धक्क्यानेही ढळणारा तोल ही लक्षणेही त्यांनी नोंदविली. म्हणून या आजाराला कंपयुक्त पक्षाघात न म्हणता पार्किन्सन यांचे नाव द्यावे, असे त्यांनी सुचविले.

१८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या विकारांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास देशोदेशींचे विद्यार्थी येत. तरुण सिग्मंड फ्रॉइड हे त्यांपैकीच एक. या कीर्तीला दुसरी बाजूही होती. उन्मादाच्या रुग्ण स्त्रियांवर शार्को भरसभेत संमोहनाचे प्रयोग करीत. त्यांवरून काढलेले त्यांचे अनेक निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, आणि रुग्णांच्या अशा प्रदर्शनावर टीकाही झाली.

आयुष्याच्या अखेरीस त्यांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. आगगाडीने किंवा घोडागाडीने दूरचा प्रवास केल्यावर अंगाचा त्रास कमी होतो, असे कंपवाताचे काही रुग्ण सांगत असत. ज्या हादऱ्यांनी निरोगी माणूस शिणतो, त्यांनीच या रुग्णांना हलके वाटे. गाड्या बनविणाऱ्याच्या या मुलाने ती तक्रारवजा हकीकत दुर्लक्षिली नाही. त्यांनी विजेवर थरथरणारी एक खुर्ची तयार करवून घेतली आणि १८९२ मध्ये या उपचाराविषयी व्याख्यान दिले. खुर्चीत बसल्यावर रुग्णांची अस्वस्थता कमी होते व झोप सुधारते, असे त्यांना आढळले. हातांचा कंप मात्र फारसा बदलला नाही. हे संशोधन पुढे नेण्यापूर्वीच १६ ऑगस्ट १८९३ रोजी त्यांचे निधन झाले.

ही खुर्ची खरोखर गुणकारी होती काय? २०१२ मध्ये शिकागो येथील संशोधकांनी याची पडताळणी प्रसिद्ध केली. काही रुग्णांना कंपने देण्यात आली, तर काहींना नुसताच ध्वनी ऐकविण्यात आला. दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली. त्यामुळे गुणाचे श्रेय कंपनांना देता आले नाही. कदाचित विश्रांती आणि बरे होण्याची आशा यांचाही त्यात वाटा असावा.

शार्को यांच्या काळी या आजारावर प्रभावी औषध नव्हते. ज्या लेव्होडोपा या द्रव्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपचारांचे स्वरूप पालटले, ते १९३७ मध्ये मद्रास येथील संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. औषधाने ताठरपणा व मंदपणा कमी होतो; तोल मात्र त्याला तितकासा दाद देत नाही. म्हणून व्यायाम व चालण्याचा सराव यांना महत्त्व आहे. कवटीबाहेरून चुंबकीय लहरी देणे, कानामागे सौम्य विद्युत्प्रवाह सोडणे, अशा उपायांचीही परीक्षा सुरू आहे.

शरीराला इजा न करता उपचार करण्याची ही वाट आपल्या देशालाही परकी नाही. म्हैसूर येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत वाचा व श्रवण यांच्या दोषांवर उपचार होतात. ऐकणे आणि तोल या दोहोंची इंद्रिये कानाच्या अंतर्भागात शेजारीच असल्याने तेथे तोलाचीही तपासणी होते. कंपवातात आवाज क्षीण होतो, तेव्हा वाचेचा सराव रुग्णाला साहाय्यभूत ठरतो.

शार्को यांची खुर्ची आज वापरात नाही. परंतु रुग्णाचे साधे बोलणेही ज्ञानाचे बीज असू शकते, आणि ते बीज परीक्षेच्या कसोटीवर घासल्याशिवाय त्याला औषध म्हणता येत नाही, हे दोन्ही धडे त्यांच्या चरित्रातून मिळतात.