स्वतःला कोर्टात उभं राहायची परवानगी नव्हती, तरी ६०० बायका-पोरांच्या हक्कासाठी भांडली नाशिकची ही वकील

समजा, साल आहे १९०५. बंगालमधला एक जमीनदार अचानक वारला. मागे राहिली विशीतली विधवा आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा. इस्टेट लाखांची आणि वारस तो एवढासा पोर.

आता गंमत बघा. आई पडद्यात राहते, त्यामुळे परक्या पुरुषासमोर ती येऊ शकत नाही. वकील सगळे पुरुष, कारकून पुरुष, जज पुरुष. मग इस्टेटीचे कागद तिच्यापर्यंत पोहोचवणार कोण? तर मुनीम नाहीतर दीर. म्हणजे ज्याच्यापासून धोका आहे, तोच मध्यस्थ. त्यात मुलाचं काही बरंवाईट झालं तर सगळी मालमत्ता पुढच्या वारसाकडे जाणार. म्हणजे त्या पोराच्या जिवालाच किंमत लागलेली.

अशा मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या बाजूनं सरकारदरबारी बोलणारं माणूस पाहिजे, असं म्हणत एका बाईनं ब्रिटिश सरकारच्या मागे लकडा लावला. ती बाई आपल्या नाशिकची. नाव कॉर्नेलिया सोराबजी.

घरात काय वातावरण होतं?

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना एका इंग्रज कुटुंबात वाढलेल्या. पुण्यात मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी शाळा काढली होती. कॉर्नेलिया यांचं बालपण बेळगाव आणि पुण्यात गेलं.

फ्रान्सिना यांच्याकडे अडलेल्या-नडलेल्या बायका सल्ल्याला यायच्या. त्यातलीच एक काठेवाडकडची श्रीमंत विधवा. कारभाऱ्यानं तिची सही घेऊन मालमत्ता हडप केली होती, आणि सही तर तिचीच, त्यामुळे कायद्यानं काही करता येईना. हे प्रकरण लहानग्या कॉर्नेलियाच्या डोक्यात बसलं. वकील व्हायचं बीज इथंच पडलं, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितलंय.

पहिला नंबर आला, पण स्कॉलरशिप गेली

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया या पहिल्या विद्यार्थिनी. वर्गातली पोरं तोंडावर दार लावून घ्यायची म्हणे. तरीही त्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या.

या निकालावर इंग्लंडला शिकायला जायची सरकारी स्कॉलरशिप मिळायला हवी होती. पण ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या मुलगी होत्या.

मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवलं. तिकडे इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचंही नाव होतं. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. तिथंही बाईनं कायद्याची परीक्षा द्यायची म्हणजे विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्यांनी बॅचलर ऑफ सिव्हिल लॉची परीक्षा दिली, पास झाल्या. ऑक्सफर्डमध्ये ही परीक्षा देणारी ती पहिली महिला.

पण डिग्री? ती मिळाली नाही. ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं. कॉर्नेलिया यांच्या हातात पदवी पडली ती १९२२ मध्ये. म्हणजे परीक्षेनंतर तब्बल ३० वर्षांनी.

वकील आहे, पण वकील नाही

भारतात परत आल्यावर काठेवाड आणि इंदूरकडच्या संस्थानांमधल्या पडदानशीन बायकांची कामं त्यांच्याकडे येऊ लागली. तिथल्या ब्रिटिश एजंटसमोर बाजू मांडायची खास परवानगी मिळायची. पण ब्रिटिश हद्दीतल्या कोर्टात वकील म्हणून त्यांना मान्यता नव्हती.

परदेशी शिक्षण चालत नाही तर इथलं घेऊ, म्हणून त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाहीच.

आणि ही अडचण एकट्या त्यांची नव्हती. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्ता हायकोर्टात सनद मागितली, तेव्हा कायद्यातल्या व्यक्ती या शब्दात बाई येत नाही असा निकाल लागला. पुढे पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीतही तेच झालं.

मग त्यांनी दुसरा दरवाजा शोधला

त्या काळी कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाचं एक खातं होतं. नावात कोर्ट असलं तरी तिथं खटले चालत नव्हते. जमिनीचा मालक अल्पवयीन असेल, किंवा सरकारच्या मते कारभार करायला असमर्थ असलेली स्त्री असेल, तर हे खातं इस्टेट ताब्यात घ्यायचं. सारा वसूल करायचं, कर्ज फेडायचं, घरच्यांना दरमहा खर्च द्यायचं आणि मुलाचं शिक्षण बघायचं. साधारण माणूस १८ व्या वर्षी सज्ञान व्हायचा, पण या खात्याच्या ताब्यातला मुलगा २१ व्या वर्षी.

म्हणजे एखाद्या पोराचं अख्खं बालपण या खात्याच्या फायलीत जायचं. आणि खात्याचा एकही अधिकारी जनानखान्यात जाऊन ते पोर आणि त्याची आई खरंच कशी आहेत, हे बघू शकत नव्हता.

कॉर्नेलिया यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. १९०२ पासून त्या लंडनच्या इंडिया ऑफिसकडे अर्ज करत राहिल्या की या बायका आणि अल्पवयीन मुलांसाठी एक महिला कायदेशीर सल्लागार नेमा. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. काही वर्षांतच कामाचा पसारा बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसामपर्यंत गेला.

नेमकं काम काय करायच्या?

प्रवास रेल्वेनं, होडीनं, पालखीतनं. वाड्यावर पोहोचलं की थेट आत जायचं. विधवेशी तिच्या भाषेत बोलायचं. ठरलेला खर्च तिच्या हातात पडतो का, तिनं कुठल्या कागदावर सही केली आणि तो तिला कुणी वाचून दाखवला का, हे विचारायचं. मुलांची तब्येत, शिक्षक, शाळा, ठरू घातलेली लग्नं, दत्तकाचे वाद, सासू-सुनेची भांडणं सगळं ऐकायचं आणि सरकारला अहवाल द्यायचा.

या सह्यांच्या प्रश्नाला कायद्याचीही बाजू होती. पडदानशीन बाईनं सही केली एवढ्यावर भागत नाही, तिला कागद समजला होता आणि स्वतंत्र सल्ला मिळाला होता हे दाखवावं लागतं, असं कोर्टांनी ठरवून दिलेलं होतं. पण तो स्वतंत्र सल्ला द्यायला पडद्याआड जाणार कोण? ती जागा कॉर्नेलिया यांनी भरून काढली.

जवळपास २० वर्षांत त्यांनी ६०० हून जास्त स्त्रिया आणि अनाथ मुलांना मदत केली असा अंदाज आहे. काहींची कामं तर फुकटात केली. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं.

सनद मिळाली, पण उशिरा

१९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं त्यांची वकील म्हणून नोंद केली, आणि १९२३ च्या कायद्यानं देशभरातल्या बायकांसाठी वकिलीचं दार उघडलं. तेव्हा कॉर्नेलिया पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. कलकत्त्यात त्यांनी वकिली सुरू केली, पण पुरुष वकिलांच्या गर्दीत त्यांच्या वाट्याला मुख्यतः लेखी सल्ला देण्याचंच काम आलं. १९२९ मध्ये त्या वकिलीतून निवृत्त झाल्या आणि लंडनला गेल्या.

मग एवढं मोठं नाव मागे का पडलं?

कारण राजकारण. कॉर्नेलिया ब्रिटिश राजवटीच्या बाजूच्या होत्या. आधी बायका शिकू देत, स्वराज्याची घाई नको, असं त्यांचं मत. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांच्या मदर इंडिया या पुस्तकावरून देश पेटला असताना त्यांनी मेयोंची बाजू घेतली. याची किंमत त्यांना मोजावी लागली. स्वातंत्र्याच्या लढ्याच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही.

त्यांच्या कामालाही मर्यादा होती. कोर्ट ऑफ वॉर्ड्स होतं ते इस्टेटवाल्यांसाठी. त्याच जमीनदाराच्या शेतात राबणाऱ्या कुळाच्या पोराला विचारायला कुणी अधिकारी येत नव्हता.

६ जुलै १९५४ ला वयाच्या ८७ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

बालहक्क हा शब्द तेव्हा रुळलेलाही नव्हता. मुलांच्या हक्कांची पहिली आंतरराष्ट्रीय घोषणा जिनिव्हात झाली ती १९२४ मध्ये. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आला १९८९ मध्ये आणि भारतानं तो स्वीकारला १९९२ मध्ये. मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, हे त्या करारातलं एक महत्त्वाचं तत्त्व.

आज पॉक्सोच्या केसमध्ये मुलाच्या सोबतीला सहाय्यक व्यक्ती देता येते, मुलाचा जबाब पोलीस ठाण्यात न बोलावता घरी जाऊन घेता येतो. मूल कोर्टापर्यंत येऊ शकत नसेल तर कायद्यानं मुलापर्यंत जायचं, हाच त्यामागचा विचार. शंभर वर्षांपूर्वी हेच काम नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजी पालखीत बसून करत होत्या, तेही स्वतःला सनद नसताना.