रोटलुफकरांचा ख्रिस्त

आडनावातलं ‘कर’ म्हणजे काय, हे इथे बर्लिनच्या ऑफिसात मला दर महिन्याला कोणाला तरी समजावावं लागतं. गावाच्या नावावरून आलंय, एवढं सांगितलं की गाडी पुढे सरकते. एकदा एका जर्मन सहकाऱ्याने मात्र उलट विचारलं, की मग श्मिट-रोटलुफ तुला माहीत असेलच? मला माहीत नव्हता.

मूळचा तो कार्ल श्मिट. जन्म १ डिसेंबर १८८४, केम्निट्सजवळच्या रोटलुफ गावात, गिरणीवाल्याच्या घरी. श्मिट हे जर्मनीत गल्लोगल्ली सापडणारं आडनाव. त्याने पुढे गावाचं नाव जोडलं. आपल्या भाषेत रोटलुफकरच की! ड्रेस्डेनला आर्किटेक्चर शिकायला गेला आणि १९०५ मध्ये तीन मित्रांबरोबर ‘ब्रुके’, म्हणजे ‘पूल’, हा चित्रकारांचा गट काढला. शिक्षण अर्धवट राहिलं.

१९१५ मध्ये सैन्यात जावं लागलं. पूर्व आघाडीवर रंगवणं जवळजवळ थांबलं, लाकूड कोरणं चालू राहिलं. १९१८ मध्ये त्याने ख्रिस्तावरची नऊ चित्रं लाकडी ठशांवरून छापली. कोरलेला भाग पांढरा, उरलेला काळा. मधली छटा नाही. एकात नुसता ख्रिस्ताचा चेहरा आहे. लांब नाक, एक डोळा मिटलेला. देवाच्या कपाळावर आपण गंध बघतो, इथे १९१८ हे साल कोरलंय. खाली प्रश्न आहे, की ख्रिस्त तुम्हाला दिसला नाही का? एवढी माणसं मेल्यावर हा प्रश्न मला तरी प्रार्थनेपेक्षा जाब विचारल्यासारखा वाटतो.

नाझींना असली चित्रं खपली नाहीत. १९३७ मध्ये संग्रहालयांतून त्याची ६०८ कामं जप्त झाली, १९४१ मध्ये चित्रं काढायलाच बंदी आली. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनमधलं घर आणि स्टुडिओ गेला. तेव्हा तो कुठे गेला? परत रोटलुफला!

युद्धानंतर तो बर्लिनला प्राध्यापक झाला. त्याच्याच पुढाकाराने आणि त्याने दिलेल्या चित्रांतून १९६७ मध्ये इथे ब्रुके म्युझियम उघडलं. १० ऑगस्ट १९७६ रोजी तो गेला.

रोटलुफ आता केम्निट्स शहरात विलीन झालंय. माझ्या गावातल्या घरालाही गेली काही वर्षं कुलूप आहे. या दिवाळीत जाऊन ते उघडायचं ठरवलंय.