ध्येय मोठे, तर फळीही मोठी

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा जन्म १९०२ साली नाशिक जिल्ह्यातील आंबे गावचा. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. समितीचे चिटणीस दादासाहेब होते. प्रारंभी १२५ पुरुष व २५ स्त्रिया मंदिराच्या चार दरवाजांवर बसविण्यात आल्या. बाबासाहेब गोलमेज परिषदेला विलायतेत असतानाही नाशिकची आघाडी थंडावली नाही. कारण दादासाहेबांनी भक्तांचा जमाव नव्हे, कार्यकर्त्यांची फळी उभी केली होती. पत्राने आदेश येत व स्थानिक माणसे ते पार पाडीत.

१९५९ साली रिपब्लिकन पक्ष फुटला. एका गटाचे नेतृत्व खुद्द दादासाहेबांकडे होते, हे विसरून चालणार नाही. तरीही १९६४ साली भूमिहीनांसाठी त्यांनी देशव्यापी सत्याग्रह पुकारला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. कसेल त्याची जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, अशा त्या मागण्या होत्या. पद कोणाला, हा तेथे प्रश्नच नव्हता.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. आज आपल्याकडे अध्यक्ष उदंड आहेत, चिटणीस कुठे आहेत? ऐक्याच्या बैठका पुष्कळ झाल्या. आता ऐक्यासाठी एखादा जमिनीएवढा प्रश्न हाती घ्या!