सात पूल आणि ऑयलर

मुलांनो, कागद-पेन्सिल जवळ घ्या. आज आपण लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाची ओळख करून घेणार आहोत.

ऑयलर यांचा जन्म १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात झाला. त्यांनी आपल्यासारखे धर्मगुरू व्हावे, असे वडिलांना वाटे. पण त्यांचा ओढा गणिताकडे होता. १७२७ साली ते रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेले.

त्या काळी क्योनिग्सबर्ग शहरात एक कोडे प्रसिद्ध होते. नदीमुळे शहराचे चार भाग झाले होते : दोन काठ, एक बेट आणि नदीच्या दोन फाट्यांमधली जमीन. बेटावरून प्रत्येक काठाला दोन-दोन पूल होते व फाट्यांमधल्या जमिनीला एक. त्या जमिनीवरून प्रत्येक काठाला एकेक पूल होता. असे हे सात पूल. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन सातही पूल ओलांडता येतील का? कोणालाच ते जमत नव्हते.

हे अशक्य आहे, असे १७३५ साली ऑयलर यांनी सिद्ध केले. कसे, ते पाहा. वाटेतल्या भागात आपण एका पुलाने येतो व दुसऱ्याने बाहेर पडतो. म्हणजे तेथे पुलांच्या जोड्या लागतात. पुलांची संख्या विषम असेल, तर एक पूल जोडीवाचून उरतो. असा भाग फेरीच्या सुरुवातीला किंवा शेवटीच असू शकतो. म्हणून असे भाग दोनांपेक्षा जास्त चालत नाहीत. येथे बेटावर पाच पूल आणि इतर भागांवर तीन-तीन. चारही विषम! मग वाट कशी सापडेल?

पुढे ऑयलर यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. १७६६ नंतर दुसऱ्या डोळ्यानेही दिसेनासे झाले. तरी त्यांनी काम सोडले नाही. ते मनात हिशेब करून तोंडी मजकूर सांगत. बीजगणिताला तुम्ही उर्दूत अलजबरा म्हणता. त्याचे एक पुस्तक त्यांनी शिंपीकाम शिकलेल्या नोकराकडून लिहून घेतले. ऑयलर इतके सोपे करून सांगत, की लिहिता लिहिता तो नोकरही बीजगणित शिकला. हे जर्मन पुस्तक १७७० साली छापले गेले. १७८३ साली ऑयलर यांचे निधन झाले.

मुलांनो, आता कागदावर चार टिंबे आणि सात रेषा काढा. गणित न शिकलेल्या घरच्या एखाद्या माणसाला हे कोडे समजावून सांगा. त्याला समजले, तरच ते तुम्हांला समजले!